घंटा न वाजणारा फोन : इंटरनेट दूरध्वनीची नोंदणी तुटते तेव्हा

घरातला दूरध्वनी बंद पडला आहे, हे पूर्वी रिसीव्हर कानाला लावताच समजत असे. 'डायल टोन' नसला की तार तुटली, एवढे निदान शेजारची मुलेही करीत. मग टेलिफोन खात्यात तक्रार नोंदवायची आणि लाइनमनची वाट पाहत बसायचे. इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीने हा सरळ व्यवहार संपवला. हा फोन बंद पडतो तेव्हा अनेकदा तो चालू असल्यासारखाच दिसतो. दिवा हिरवा असतो, पडद्यावरचे घड्याळ चालत असते, क्रमांक फिरवला तर पलीकडे फोन लागतोही. फक्त बाहेरून येणारा फोन आपल्यापर्यंत पोहोचत नाही. आणि न आलेल्या फोनची खबर कोण देणार?

माझी थोरली बहीण ठाण्यात दंतवैद्य आहे. एका जुलैत तिच्या दवाखान्यातला फोन तब्बल नऊ दिवस असा मुका होता. महिन्याच्या सुरुवातीला तिने ब्रॉडबँडची कंपनी बदलली होती आणि नवा राउटर बसला होता. स्वागतकक्षातली मुलगी रोज सकाळी त्याच फोनवरून रुग्णांना वेळेची आठवण करून देत असे, त्यामुळे फोन बिघडला आहे ही शंका कोणाला येण्याचे कारणच नव्हते. शिवाय दिवसातून एखादा फोन येतही होता. पावसामुळे लोक बाहेर पडत नसावेत, अशी ताईने समजूत करून घेतली. दहाव्या दिवशी गाल सुजलेले एक आजोबा रिक्षा करून थेट दारात हजर झाले. ''डॉक्टर, तीन दिवस फोन लावतोय. दवाखाना बंद केलात की काय?'' फलकावर आणि औषधाच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तोच क्रमांक छापलेला. त्या नऊ दिवसांत किती जणांनी तो फिरवला आणि कंटाळून दुसरा दवाखाना गाठला, याचा हिशेब लागणे शक्य नाही.

या बिघाडाला तांत्रिक भाषेत 'रजिस्ट्रेशन' जाणे, म्हणजे नोंदणी तुटणे म्हणतात. कार्यालयातील टेबलावरचा इंटरनेट फोन असो, साध्या फोनला जोडलेली ॲडॉप्टरची डबी असो, की मोबाइलमधील एखादे कॉलिंग ॲप, तिन्हींचे मूळ तंत्र बहुधा एकच असते आणि तिन्हींना हा आजार होतो. तो समजून घेण्यासाठी संगणक अभियंता असण्याची गरज नाही. मात्र नोंदणी म्हणजे काय, हे आधी कळले पाहिजे.

हयातीचा दाखला

तांब्याच्या तारेच्या काळात क्रमांक तारेशी बांधलेला होता. एक्स्चेंजमधून निघालेली तारांची जोडी ज्या घरात पोहोचली, तो त्या घराचा क्रमांक. इंटरनेट दूरध्वनीत अशी तार नसते. तोच फोन आज ठाण्यात, उद्या पुण्यात आणि परवा न्यू जर्सीत कोणत्याही इंटरनेट जोडणीला लावता येतो आणि क्रमांक बदलत नाही. मग त्या क्रमांकावर आलेला कॉल नेमका कोठे पाठवायचा, हे सेवा देणाऱ्या कंपनीला कळावे कसे? त्यावर उपाय असा काढण्यात आला, की फोनने स्वतःच कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन 'सध्या माझा मुक्काम अमुक पत्त्यावर आहे' अशी वर्दी द्यायची. सर्व्हर ती वहीत टिपून घेतो. पण कायमची नव्हे, ठरावीक मुदतीपुरती. मुदत संपण्याआधी पुन्हा वर्दी आली नाही तर नाव खोडले जाते. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. माणूस धडधाकट आहे की नाही याच्याशी बँकेला देणेघेणे नसते. दाखला पोहोचला नाही की निवृत्तिवेतन थांबते. फोनला हा दाखला वर्षातून एकदा नव्हे, तर तासातासाला, कधी मिनिटामिनिटाला द्यावा लागतो, एवढाच फरक.

हे सारे ज्या नियमावलीनुसार चालते तिचे नाव एसआयपी. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने तिची पहिली आवृत्ती मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. जून २००२ मधील सुधारित आवृत्ती, म्हणजे आरएफसी ३२६१ हा दस्तऐवज, आजही या व्यवहाराचा पाया आहे. अनेक फोनमध्ये नोंदणीची मुदत मुळातच ३६०० सेकंद, म्हणजे एक तास ठेवलेली असते.

वर्दी देताना ओळखही पटवावी लागते. फोनचा पहिला अर्ज सर्व्हर बहुधा नाकारतोच आणि सोबत एक तात्पुरता सांकेतिक शब्द पाठवतो. फोन तो शब्द आणि स्वतःचा पासवर्ड यांपासून गणिताने एक उत्तर तयार करतो आणि ते घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. उत्तर जुळले की नोंद होते. पासवर्ड स्वतः तारेवरून जात नाही. फोनच्या नोंदवहीत, ज्याला 'लॉग' म्हणतात तेथे, प्रत्येक नोंदणीच्या आधी '४०१' हा नकाराचा आकडा दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. वास्तविक तो या शिष्टाचाराचाच भाग आहे. त्याच्या पाठोपाठ '२००' आला म्हणजे काम झाले.

दोन मिनिटांची आठवण

आता ताईच्या दवाखान्यात नेमके काय झाले ते पाहू, कारण ज्या तक्रारीत जाणारे फोन जातात पण येणारे येत नाहीत, तिचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

आपल्या घरात किंवा कार्यालयात पाच-दहा उपकरणे इंटरनेट वापरतात, पण बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. आत कोणाला काय हवे होते, हे राउटर लक्षात ठेवतो. मोठ्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी असावा, तसे त्याचे काम. फोनने सर्व्हरला वर्दी पाठवली की पहारेकरी मनाशी नोंद करतो, 'या सर्व्हरचे उत्तर आले तर ते आतल्या अमुक उपकरणाला द्यायचे.' पण त्याची आठवण अल्पजीवी असते. काही वेळ त्या वाटेने ये-जा झाली नाही, की तो ती नोंद पुसून टाकतो. नंतर आलेला निरोप कोणासाठी आहे हे त्याला कळत नाही आणि तो निरोप फाटकाबाहेरच टाकून दिला जातो. आत बसलेल्या फोनला याचा पत्ताही नसतो.

ही आठवण किती वेळ टिकते? एसआयपीचे निरोप बहुतेक वेळा यूडीपी या हलक्याफुलक्या पद्धतीने जातात. यूडीपीची आठवण राउटरने किमान दोन मिनिटे ठेवावी आणि पाच मिनिटे किंवा अधिक ठेवल्यास उत्तम, असे आयईटीएफने जानेवारी २००७ मध्ये सांगून ठेवले आहे. प्रत्यक्षात सर्वच राउटर हे पाळत नाहीत. घरगुती राउटरपैकी पुष्कळसे लिनक्स प्रणालीवर चालतात आणि तिच्यात एकतर्फी निरोपासाठी ३० सेकंद, तर दुतर्फा संवादासाठी पूर्वी १८० आणि अलीकडच्या आवृत्त्यांत १२० सेकंद अशी मर्यादा मुळातच असते. म्हणजे सर्व्हरच्या वहीतली नोंद तासाभराची आणि पहारेकऱ्याची आठवण दोन-तीन मिनिटांची. मधला सारा काळ कंपनीच्या दृष्टीने फोन हजर असतो, फोनच्या दृष्टीनेही तो हजर असतो, आणि तरीही तो बहिरा असतो.

स्वागतकक्षातल्या मुलीने एखाद्या रुग्णाला फोन केला की त्या वाटेवर पुन्हा वर्दळ होई आणि दोन मिनिटे फाटक उघडे राही. त्या दोन मिनिटांत ज्याने फोन केला तो नशीबवान. दिवसातून एखादा फोन येत होता, त्याचे रहस्य हे. 'राउटर बंद करून चालू करा' हा सल्लाही याच कारणाने फसवा ठरतो. राउटर चालू झाला, फोनने ताजी वर्दी दिली, मालकाने लगेच मोबाइलवरून क्रमांक फिरवून पाहिला आणि घंटा वाजली. सगळे खूश. पाच मिनिटांनी फोन पुन्हा मुका.

म्हणून खरी परीक्षा अशी घ्यावी. फोनला पंधरा-वीस मिनिटे हात लावू नये. त्यानंतर बाहेरच्या मोबाइलवरून, त्याच इंटरनेट जोडणीवरच्या दुसऱ्या फोनवरून नव्हे, आपला क्रमांक फिरवावा. घंटा वाजली तर नोंदणी खरोखर ठीक आहे. नाही वाजली, पण जाणारा फोन केल्यावर लगेच वाजू लागली, तर दोष पहारेकऱ्याच्या आठवणीत आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे.

यावरचा इलाज फोनच्या सेटिंगमध्ये असतो. 'कीप अलाइव्ह' किंवा 'नॅट कीप अलाइव्ह' या नावाची सोय तेथे सापडते. ती चालू करून वीस-तीस सेकंदांचा अवधी दिला, की फोन अधूनमधून एक बारीकसा निरर्थक निरोप सर्व्हरकडे पाठवत राहतो आणि फाटकावरची आठवण ताजी राहते. काही कंपन्या सर्व्हरकडूनच असे निरोप पाठवतात, तर काही नोंदणीची मुदतच एक-दोन मिनिटांवर आणतात. मुदत आपणही कमी करू शकतो. फार कमी केल्यास सर्व्हर '४२३' असा आकडा देऊन 'इतक्या लवकर येऊ नका' असे बजावतो आणि किमान मुदत किती ते सांगतो. तिसरा मार्ग म्हणजे यूडीपी सोडून टीसीपी किंवा टीएलएस पद्धत निवडणे. जोडून ठेवलेल्या टीसीपी वाटेची आठवण राउटरने किमान २ तास ४ मिनिटे ठेवावी, असा २००८ मधील नियम आहे. कंपनी ही सोय देत असेल तर ती जरूर घ्यावी.

बिघाड कोणाच्या अंगणात?

सर्वच बिघाड इतके लपून राहत नाहीत. अनेकदा फोनच्या पडद्यावर सरळ 'नोंदणी नाही' अशा अर्थाची सूचना झळकते आणि ना फोन जातो ना येतो. अशा वेळी सेटिंगमध्ये बोटे घालण्याआधी बिघाड आपल्याकडे आहे की कंपनीकडे, याचा निकाल लावून घेतला तर पुढची निम्मी धडपड वाचते.

त्याची एक साधी युक्ती आहे. मोबाइलवर एसआयपी चालवणारे एखादे ॲप उतरवून घ्यावे. लिनफोन आणि झॉइपर ही त्यातली परिचित नावे. मोबाइलचे वाय-फाय बंद करून, मोबाइलच्याच इंटरनेटवर, त्या ॲपमध्ये आपले खाते भरावे. नोंदणी झाली तर खाते, पासवर्ड आणि कंपनीचा सर्व्हर हे तिन्ही निर्दोष आहेत आणि चोर घरातच आहे. नाही झाली तर घरातल्या राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. काम झाल्यावर मात्र त्या ॲपमधून खाते न चुकता काढून टाकावे. अनेक कंपन्या एका खात्यावर एकाच उपकरणाची नोंद ठेवतात आणि शेवटी आलेल्याची वर्दी ग्राह्य धरतात. मग कार्यालयातला फोन गप्प आणि घंटा खिशात, असा प्रकार होतो. पूर्वी कधीतरी हौसेने मोबाइलमध्ये भरलेले आणि विसरलेले खाते हेच 'अधूनमधून नोंदणी जाते' या तक्रारीचे मूळ निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

बहुतेक कंपन्यांच्या ग्राहकपानावर नोंदणीची सद्यस्थिती दिसते. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पोर्टवरून आणि केव्हा नोंद झाली, हे तेथे लिहिलेले असते. तो पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर फोनने आपला घरातला, खासगी पत्ता कंपनीला कळवला आहे. सोसायटीचे नाव न सांगता नुसता 'खोली क्रमांक ४' असा पत्ता टपाल खात्याला द्यावा, तसेच हे. कंपनीच्या सर्व्हरला ही चूक सावरून घेता येते, पण प्रत्येक सर्व्हर ती सावरेलच असे नाही. त्यासाठी फोनमध्ये 'स्टन' नावाची सोय असते; तिच्यामुळे फोनला स्वतःचा बाहेरचा पत्ता कळतो.

आकड्यांची भाषा

सर्व्हर नकार देताना आकडा सांगतो आणि तो आकडा वाचता आला तर बरेच काम सोपे होते. '४०१' चे वर्णन वर आलेच आहे. पण '२००' न येता '४०१' च पुन्हा पुन्हा येत राहिला, तर पासवर्ड चुकला आहे. येथे एक चूक फार जण करतात. ग्राहकपानावर प्रवेश करण्याचा पासवर्ड आणि फोनमध्ये भरायचा एसआयपी पासवर्ड पुष्कळ कंपन्यांत वेगवेगळे असतात. पहिला बदलला म्हणून दुसरा बदलत नाही आणि पहिला फोनमध्ये भरून उपयोग होत नाही.

'४०३' हा अधिक कडक नकार आहे. पासवर्ड चुकीचा असणे, थकलेल्या बिलामुळे खाते गोठवले जाणे, किंवा त्या पत्त्यावरून येण्यास मनाई असणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. 'हा वापरकर्ता येथे नाही' अशा अर्थाचा '४०४' आला तर नाव किंवा सर्व्हरचा पत्ता टंकताना चूक झाली आहे. '५०३' म्हणजे सर्व्हरच अडचणीत आहे. तेव्हा आपण स्वस्थ बसावे. आणि आकडाच न येता नुसते 'वेळ संपली' असे दिसले, तर आपला अर्ज पोहोचलाच नाही किंवा उत्तर परत आले नाही, असे समजून वाटेतला अडथळा शोधावा.

यात आणखी एक खाच आहे. चुकीच्या पासवर्डने सतत धडका मारणाऱ्या पत्त्याला अनेक कंपन्या हल्लेखोर समजून काही काळ पूर्णपणे अडवतात. म्हणजे झाले असे, की कंपनीच्या पानावर पासवर्ड बदलला, कोपऱ्यातला फोन जुनाच पासवर्ड घेऊन दर अर्ध्या मिनिटाला दार ठोठावत राहिला, आणि कंपनीने आख्ख्या कार्यालयाच्या पत्त्याला बंदी घातली. त्यानंतर पासवर्ड अचूक भरला तरी उत्तर येत नाही आणि माणूस चक्रावतो. अशा वेळी फोनची इंटरनेटची वायर काढून ठेवावी, पासवर्ड दुरुस्त करावा, काही वेळ थांबावे किंवा कंपनीला बंदी उठवण्यास सांगावे आणि मगच वायर जोडावी.

राउटरचा आगाऊपणा

राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची एक सोय असते. हेतू चांगला. फोनच्या निरोपात लिहिलेला घरातला पत्ता वाचून तो बाहेरच्या पत्त्यात बदलायचा आणि फोनला मदत करायची. पण अनेक राउटरमध्ये हे काम इतके गचाळपणे केलेले असते, की मदत नको पण उचापती आवर, असे म्हणण्याची पाळी येते. निरोपातला एक पत्ता बदलतो, दुसरा तसाच राहतो, आणि सर्व्हरला भलतेच काहीतरी वाचायला मिळते. नोंदणी मधूनच तुटणे, फोन उचलल्यावर एकाच बाजूचा आवाज येणे, बोलणे ठरावीक वेळाने आपोआप बंद होणे, या तक्रारींमागे हा आगाऊपणा असू शकतो. म्हणून सेवा देणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे पहिले सांगणे असते, 'एएलजी बंद करा.' राउटरच्या सेटिंगमध्ये ते कधी फायरवॉलच्या पानावर, कधी 'एसआयपी हेल्पर' तर कधी 'पासथ्रू' या नावाखाली दडलेले असते. ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये ते बंद करण्याची मुभाच नसते. तेथे टीएलएस कामाला येते, कारण निरोप कुलूपबंद असल्यामुळे राउटरला तो वाचताही येत नाही आणि बिघडवताही येत नाही. काही कंपन्या नेहमीच्या ५०६० या पोर्टऐवजी दुसरे पोर्टही देतात. एएलजीची नजर बहुधा ५०६० वरच असते.

फायबर जोडणी घेतल्यावर कंपनीची एक पेटी येते आणि तिच्यापुढे आपण आपला जुना राउटर लावतो. असे झाले की फाटके दोन होतात आणि विसरभोळे पहारेकरीही दोन. शक्य असेल तर एकाने नुसते पुलाचे काम करावे, म्हणजे ती पेटी 'ब्रिज' पद्धतीने चालवावी. कधी तिसरे फाटकही असते आणि ते आपल्या हातात नसते. राउटरच्या स्थितिपानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर ब्रॉडबँड कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता दिलेला आहे. पत्त्यांच्या टंचाईमुळे एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा खास या कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीवर फोन चालत नाही असे नाही, पण कीप अलाइव्हशिवाय त्याच्यावर विसंबू नये.

काही जण ५०६० हे पोर्ट राउटरमधून थेट फोनकडे मोकळे सोडण्याचा सल्ला देतात. तो सहसा मानू नये. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट हुंगत फिरणारे कार्यक्रम रात्रंदिवस चालू असतात. मग मध्यरात्री १०० किंवा १००० अशा विचित्र क्रमांकांवरून घंटा वाजू लागते, उचलावे तर पलीकडे कोणी नसते. कार्यालयाचे स्वतःचे एक्स्चेंज उघडे राहिले, तर कोणीतरी परदेशी फोन करून बिल फुगवण्याचाही धोका असतो.

वीज गेली, पत्ता बदलला

आपल्याकडे नोंदणी तुटण्याचे आणखी एक घरगुती कारण म्हणजे विजेचा लपंडाव. वीज गेली आणि आली, की राउटरला बाहेरचा पत्ता पुष्कळदा नवा मिळतो. फोन इन्व्हर्टरवर असेल तर त्याला काही घडल्याचे कळतही नाही. कंपनीच्या वहीत मात्र जुना पत्ता पुढच्या वर्दीपर्यंत तसाच राहतो. उलट फोन आणि राउटर एकदमच चालू झाले, तर फोन आधी तयार होतो, इंटरनेट अजून आलेले नसते, पहिला अर्ज फसतो आणि फोन पुढच्या प्रयत्नासाठी थांबून राहतो. काही ॲडॉप्टरमध्ये हे थांबणे वीस मिनिटांपर्यंतचे असते. म्हणून आधी राउटर चालू करावा, इंटरनेट आल्याची खात्री करून घ्यावी आणि मग फोन चालू करावा. हा क्रम पाळला तर अर्ध्याहून अधिक 'वीज गेल्यापासून बंद आहे' छाप तक्रारी उद्भवणारच नाहीत, असे म्हणायला हरकत नाही.

तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा होत असे, त्यामुळे अंधारातही साधा फोन चालायचा. फायबरवरून आलेला लँडलाइन दिसायला तसाच असला तरी आतून तो इंटरनेट दूरध्वनीच आहे. त्याची नोंदणी भिंतीवरची पेटी परस्पर करते आणि तिच्या सेटिंगमध्ये ग्राहकाला प्रवेश नसतो. तेथे आपल्या हाती एवढेच. पेटीवरचा फोनचा दिवा पाहावा, फोनची वायर योग्य खाचेत आहे ना ते तपासावे, पेटी एकदा बंद-चालू करावी आणि दिवा लागला नाही तर तक्रार नोंदवावी. घरात आजारी किंवा वृद्ध माणसे असतील तर त्या पेटीला छोटा यूपीएस जोडणे ही चैन नव्हे. अमेरिकेत इंटरनेट फोनवरून ९११ हा आपत्कालीन क्रमांक न लागल्याच्या घटनांनंतर तेथील दूरसंचार आयोगाने मे २००५ मध्ये या कंपन्यांवर आपत्कालीन सेवेचे बंधन घातले. मात्र नोंदणी नसलेल्या किंवा वीज नसलेल्या फोनपुढे कोणतेही बंधन हतबल आहे. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनीही हे ध्यानात ठेवलेले बरे.

कंपनीच कोलमडते तेव्हा

क्वचित सारा दोष पलीकडचा असतो. १६ ऑगस्ट २००७ रोजी स्काइपचे लाखो ग्राहक जवळजवळ दोन दिवस प्रवेशच करू शकले नाहीत. विंडोजच्या नव्या सुधारणा बसवून जगभरचे संगणक जवळपास एकाच वेळी पुन्हा चालू झाले आणि प्रवेशाच्या विनंत्यांचा लोंढा त्या व्यवस्थेला पेलवला नाही, असे कंपनीने नंतर सांगितले. स्काइपचे तंत्र एसआयपीहून निराळे होते आणि मे २०२५ मध्ये ती सेवाही बंद झाली. परंतु सगळ्यांनी एकदम दार ठोठावले की दारच मोडते, हा प्रकार एसआयपी कंपन्यांनाही चुकलेला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅनडातील व्हॉइप डॉट एमएस या कंपनीवर खंडणीसाठी हल्ला झाला. खोट्या रहदारीने तिचे सर्व्हर इतके गजबजवले गेले, की खऱ्या ग्राहकांच्या फोनना अनेक दिवस नोंदणी मिळणे कठीण झाले. अशा वेळी ग्राहकाने आपल्या सेटिंगची मोडतोड करणे हा सर्वांत वाईट उपाय. कंपनी दुसरा सर्व्हर देत असेल तर तो फोनमध्ये आधीच 'बॅकअप' म्हणून भरून ठेवावा.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३० सप्टेंबर २०२१ रोजी, टीएलएससाठी अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि कित्येक जुनी उपकरणे सुरक्षित जोडणी करू शकेनाशी झाली. जुना फोन टीएलएसवर चालवत असाल आणि तो अचानक हटून बसला, तर त्यातील घड्याळ बरोबर आहे का आणि आतली प्रणाली अद्ययावत आहे का, हे प्रथम पाहावे. घड्याळ चुकले तरी फोनला वैध प्रमाणपत्र बाद वाटते.

कंपनीकडे तक्रार करताना 'फोन चालत नाही' एवढेच सांगितले, तर 'राउटर बंद करून चालू करा' एवढेच उत्तर मिळते. बिघाड किती वाजल्यापासून आहे, येणारे बंद की जाणारे, पडद्यावर कोणता आकडा आहे, मोबाइलच्या इंटरनेटवर खाते चालते की नाही आणि अलीकडे घरात काय बदलले, एवढ्या गोष्टी कागदावर लिहून मग फोन करावा. पलीकडच्या माणसाचा सूरच बदलतो, असा अनुभव आहे.

आणखी एक व्यवस्था प्रत्येक दुकानदाराने, डॉक्टरने, वकिलाने आजच करून ठेवावी. ग्राहकपानावर 'नोंदणी नसल्यास कॉल अमुक मोबाइलवर पाठवा' अशी सोय पुष्कळ कंपन्या देतात. मात्र केवळ तीच निवडून थांबू नये. ताईच्या फोनसारखी अवस्था असेल, तर कंपनीच्या वहीत नोंदणी शाबूत असते आणि ही सोय जागीच होत नाही. 'उत्तर न मिळाल्यास' आणि 'संपर्क न झाल्यास' या दोन्ही ठिकाणीही तोच मोबाइल क्रमांक भरावा.

ताईच्या दवाखान्यातला दोष शोधायला एक संध्याकाळ लागली, दुरुस्तीला चार मिनिटे. नव्या राउटरमधील एएलजी बंद केले, फोनमध्ये ३० सेकंदांचे कीप अलाइव्ह भरले आणि कोणीही फोनला हात लावायचा नाही, असे सांगून चहा मागवला. वीस मिनिटांनी रस्त्यावर जाऊन मी मोबाइलवरून क्रमांक फिरवला. वरच्या मजल्यावरची घंटा खाली फुटपाथपर्यंत ऐकू आली. तेव्हापासून स्वागतकक्षातली मुलगी रोज सकाळी दवाखाना उघडला, की पहिल्यांदा स्वतःच्या मोबाइलवरून फलकावरचा क्रमांक फिरवते आणि घंटा वाजल्यावरच वेळेची वही उघडते.